कोड पुढे, डॉक्युमेंटेशन मागे

उंटावरचा_मेंटेनर

नमस्कार मंडळी,

एक छोटा मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळतो. कमांड लाइनवरून चालणारं टूल आहे, लॉग फाइल्स गोळा करून दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवतं. वापरणारे बरेच, कोड लिहिणारे मोजके आणि डॉक्स लिहिणारं कोणी नाही. थोडक्यात, चारचौघांसारखाच प्रकल्प.

हल्ली आमच्याकडे येणाऱ्या इश्यूंचा सूर बदललाय. पूर्वी 'अमुक बिघडलंय' असे यायचे. आता 'पानावर लिहिलंय तसंच केलं, तरी चालत नाही' असे येतात. उघडून बघावं तर टूल ठणठणीत असतं, पानच जुनं असतं. कधीच काढून टाकलेला फ्लॅग (कमांडपुढे लिहायचा पर्याय) इन्स्टॉलेशनच्या पानावर अजून दिमाखात उभा असतो. दुरुस्त करून इश्यू बंद करावा तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पानाबद्दल तीच तक्रार.

दुखणं जुनंच आहे म्हणा. गिटहबच्या २०१७ च्या मुक्तस्रोत सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा कालबाह्य डॉक्युमेंटेशन ही सर्रास आढळणारी अडचण असल्याचं सांगितलं होतं. आणि त्याच सर्वेक्षणात योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक डॉक्सला क्वचित हात लावतात किंवा लावतच नाहीत, असंही निघालं. म्हणजे ओरड सगळ्यांची आणि काम कोणाचंच नाही.

आता मुद्दा. माझा प्रस्ताव असा की पुल रिक्वेस्टमध्ये (पीआर, म्हणजे कोणीतरी पाठवलेला बदलाचा प्रस्ताव) डॉक्सचा बदल नसेल तर ती मर्ज करायची नाही, म्हणजे मूळ कोडमध्ये घ्यायची नाही. सहमेंटेनरचं म्हणणं, आधीच चार माणसं कशीबशी येतात, दारात अडसर घातला तर तीही जातील. दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतोय. तुमच्या प्रकल्पांत नेमकं काय चालतं? 'डॉक्युमेंटेशन महत्त्वाचं असतं' हे सांगू नका, ते माहीत आहे. :)

सेमीकोलन

नियम करा, पाळा, धागा बंद करा.

खवचट_कोपरा

'आमचा कोड स्वयंस्पष्ट आहे' म्हणणाऱ्यांची वाट बघत बसलोय. येतीलच इतक्यात.

नल_पॉइंटर

आलो, घ्या.

चेष्टा बाजूला ठेवू. अर्धेअधिक डॉक्स मुळात हाताने लिहायलाच नकोत. फ्लॅगची यादी, कॉन्फिगच्या किल्ल्या, त्यांची डिफॉल्ट मूल्यं, एरर कोड, हे सगळं कोडमध्ये एकदा लिहिलेलं असतं. तेच पुन्हा पानावर टाइप केलं की दोन प्रती झाल्या, आणि दोन प्रती झाल्या की त्यातली एक खोटं बोलणार.

कर्ल या डेटा आणण्या-पाठवण्याच्या टूलचं बघा. तिथे कमांड लाइनच्या प्रत्येक पर्यायाला स्वतःची मार्कडाउन फाइल असते. मॅन पेज (कमांडचं माहितीपान) त्यातूनच बनतं आणि टूलमध्ये दिसणारी मदतही त्यातूनच. वर टेस्ट संचात अशी तपासणी आहे की कोडमध्ये पर्याय आहे आणि त्याची नोंद नाही, असं झालं की टेस्ट पडते. तिथे कोणाला 'बाबा रे, डॉक्स लिही' म्हणून विनवावं लागत नाही. लाल फुली दिसते, माणूस निमूट लिहितो.

तेव्हा मेंटेनरसाहेब, नियम माणसांना लावू नका, सीआयला (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेला) लावा. माणसाने पीआर अडवला की भांडण होतं. मशीनने अडवला की कोणाला वाईट वाटत नाही.

अर्धविराम

नल_पॉइंटर यांच्याशी पहिल्यांदाच सहमत होतोय. तारीख टिपून ठेवा.

पायथनमध्ये डॉकटेस्ट (डॉक्समधली उदाहरणं चालवून बघणारं साधन) २.१ आवृत्तीपासून आहे, म्हणजे २००१ पासून. रस्टमध्ये तर डॉक कमेंटमधली उदाहरणं कार्गो टेस्ट आपणहून चालवतं, वेगळं काही सांगावं लागत नाही. गो भाषेत उदाहरणाचं फंक्शन लिहून खाली अपेक्षित आउटपुट कमेंटमध्ये दिलं की तेही टेस्टमध्ये पडताळलं जातं. साधनं हाताशी आहेत, वापरायचा कंटाळा आहे.

खवचट_कोपरा

आणि रस्टमध्ये उदाहरण पडायला लागलं की त्याच्या डोक्यावर 'इग्नोर' लिहिता येतं, ही सोय सांगायची राहिली. गोमध्ये आउटपुटची कमेंट काढली की फंक्शन फक्त कंपाइल होतं, चालत नाही. रिलीजच्या आदल्या रात्री ही विद्या सगळ्यांना येते.

तळटीप

तांत्रिक लेखन हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे थोडं लांब लिहिते. सोसा.

नल_पॉइंटर, तुमचं म्हणणं संदर्भाच्या पानांपुरतं शंभर टक्के खरं. पण त्यापुढे ते अपुरं पडतं. एक पाहिलेलं उदाहरण देते, प्रकल्पाचं नाव नको. कॉन्फिगमध्ये टाइमआउटची एक किल्ली होती. पानावर लिहिलेलं 'सेकंदांत', खालच्या उदाहरणात आकडा ३०. मधल्या एका रिलीजमध्ये एकक बदलून मिलिसेकंद झालं. उदाहरण सीआयमध्ये रोज चालायचं आणि रोज हिरवं व्हायचं. कारण टेस्टमधला सर्व्हर त्याच मशीनवर, त्याचं उत्तर ३० मिलिसेकंदांच्या आत सहज यायचं. बाहेर खऱ्या नेटवर्कवर ज्यांनी तो तुकडा जसाच्या तसा उचलला त्यांची कनेक्शनं तुटत होती, आणि ते बिचारे फायरवॉलमध्ये दोष शोधत होते. कोड बरोबर, उदाहरण बरोबर, टेस्ट हिरवी. वाक्य तेवढं खोटं. वाक्य कोणती टेस्ट तपासणार?

दुसरं असं, की 'डॉक्स' म्हणून सगळं एका गाठोड्यात बांधू नका. डायटॅक्सिस नावाची मांडणी बऱ्याच जणांना माहीत असेल: शिकवणी, 'हे कसं करावं' ही पानं, संदर्भ आणि विवेचन असे चार प्रकार. लोक ती पानांची रचना करायला वापरतात. मला तिचा दुसराच उपयोग होतो. हे चार प्रकार वेगवेगळ्या वेगाने शिळे होतात. संदर्भ प्रत्येक कमिटबरोबर (कोडच्या नोंदवलेल्या बदलाबरोबर) हलतो, पण तो यंत्राने बनवता येतो. विवेचन, म्हणजे अमुक रचना अशी का केली, हे वर्षानुवर्षं टिकतं. सगळ्यात नाजूक शिकवणी. तिच्यात दहा पायऱ्या असतात आणि त्यातली एक सरकली की पुढचं सगळं कोसळतं. शिवाय ती वाचणारा माणूस सगळ्यात नवखा, त्याला कुठे चुकलं हेही कळत नाही, तो स्वतःलाच दोष देऊन निघून जातो. तो इश्यूही टाकत नाही. तुमच्याकडे इश्यू येतायत म्हणजे तुमचं नशीब बरं आहे!

म्हणून माझं मत: सरसकट नियम नको. शिकवण्या कमी ठेवा. शक्यतो एकच ठेवा आणि ती प्रत्येक रिलीजआधी कोऱ्या मशीनवर कोणीतरी हाताने करून बघा.

सेमीकोलन

तळटीपताई, दंडवत. वाचनखूण साठवली.

जुना_खेळाडू

चांगली चर्चा. थोडं मागचं सांगतो.

ज्या प्रकल्पांचे डॉक्स वर्षानुवर्षं विश्वासार्ह राहिले, त्यांच्यात मला एक समान गोष्ट दिसते. डॉक्स कोडच्याच रिपॉझिटरीत आणि त्याच पॅचमध्ये. पोस्टग्रेसमध्ये वापरकर्त्याला दिसणारा बदल डॉक्सशिवाय पाठवला की पहिलाच प्रश्न त्यावर येतो. जँगोच्या तिकिटांवर 'टेस्ट हवी' ही खूण असते तशीच 'डॉक्युमेंटेशन हवं' ही वेगळी खूण असते, ती उतरल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. ओपनबीएसडीमध्ये मॅन पेज चुकीचं असणं हा कोडमधल्या बगइतकाच बग मानतात. डेबियनच्या धोरणात तर प्रोग्रॅमला मॅन पेज नसणं हाच बग.

तेव्हा सहमेंटेनर म्हणतात तशी माणसं पळून जातात का? या चारही प्रकल्पांत माणसं आहेत की. पळून जायला नियम पुरत नाही, नियमाबरोबर मिळणारी वागणूक कारणीभूत ठरते. 'डॉक्स नाहीत, नामंजूर' असं लिहिलंत तर जातील. 'या पानावरचा हा परिच्छेद बदलावा लागेल, दोन ओळी पुरेत' असं लिहून त्या ओळीची लिंक दिलीत तर बहुतेक जण करून देतात.

उलट बाजूही बघा. लिनक्स कर्नलची सिस्टम कॉलची (प्रोग्रॅमने कर्नलकडे करायच्या विनंत्यांची) मॅन पेजेस कर्नलच्या सोर्समध्ये नाहीत, तो वेगळा प्रकल्प आहे. कर्नलमध्ये नवा सिस्टम कॉल आला तरी त्याचं मॅन पेज आपोआप येत नाही, कोणीतरी मागे लागून लिहावं लागतं. आणि तो 'कोणीतरी' म्हणजे मुख्यतः एकच मेंटेनर. २०२४ मध्ये त्या मेंटेनरने, पैशांची सोय नाही म्हणून काम थांबवतोय, असं जाहीर केलं होतं. पुढे प्रायोजक मिळाले आणि काम परत सुरू झालं. पण जगभरचे सी प्रोग्रॅमर रोज उघडतात ती पानं एका माणसाच्या सवडीवर उभी होती, हे त्या निमित्ताने दिसलं.

रूट_यूजर

जुना_खेळाडू, पैशांचा मुद्दा काढलाच आहे तर एमडीएन (मोझिलाचं वेब तंत्रज्ञानाचं संदर्भस्थळ) आठवा. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० लोक कमी केले, त्यात एमडीएनचे लेखकही होते. वेबवर काम करणारा प्रत्येक जण जिथे दिवसातून पाच वेळा जातो तिथे ही अवस्था. नंतर जानेवारी २०२१ मध्ये ओपन वेब डॉक्स हा अशा लेखनाला पैसे पुरवणारा उपक्रम सुरू झाला, मजकूर गिटहबवर आला, म्हणून निभावलं.

नवखा_आहे

माझा पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या.

वर तळटीपताई म्हणाल्या तो निघून जाणारा माणूस मीच. फक्त एकदा निघून न जाता दुरुस्ती पाठवली, त्याची गोष्ट. एका प्रकल्पाच्या शिकवणीत चौथी पायरी होती: उदाहरणांच्या फोल्डरमधून नमुना कॉन्फिग कॉपी करा. ते फोल्डरच नव्हतं. गिटच्या इतिहासात शोधल्यावर कळलं की नाव बदलून ते दुसरीकडे हलवलंय. एका शब्दाची दुरुस्ती. उत्साहाने पीआर टाकला.

मग सुरू झालं. बॉट म्हणाला, कमिटवर साइन-ऑफची ओळ (हा बदल द्यायचा मला हक्क आहे, अशी सही) नाही. ती घातली. दुसरा बॉट म्हणाला, कमिटच्या शीर्षकाचा साचा चुकला. तो सुधारला. मग सीआय लाल, आणि कारण विंडोजवरची कुठलीतरी टेस्ट, जिचा माझ्याशी काही संबंध नाही. तिच्यामुळे पीआर अडकला. एका मेंटेनरने लिहिलं, 'रीबेस कर.' मला तेव्हा रीबेस, म्हणजे आपला बदल ताज्या कोडवर बसवणं, येत नव्हतं, ते शिकलो. तोपर्यंत दुसऱ्या कोणीतरी तीच दुरुस्ती केली आणि ती मर्ज झाली.

राग नाही, रीबेस तर आलं. :) पण एक शब्द बदलायला आणि इंजिन बदलायला एकच रांग असेल तर शब्द बदलायला कोण येईल?

अर्धविराम

नवखा_आहे, स्वागत. पहिलाच चेंडू सीमापार.

मेंटेनरसाहेब, हे लक्षात घ्या. फक्त डॉक्सच्या फोल्डरमधला बदल असेल तर जड टेस्ट चालवूच नयेत, सीआयमध्ये पाथ फिल्टर लावून हे होतं. पोस्टग्रेसच्या डॉक्समध्ये प्रत्येक पानाच्या तळाशी 'इथे काही चुकीचं दिसलं तर कळवा' अशी सोय असते, त्यासाठी गिटची ओळखही लागत नाही. चूक ज्याला दिसते त्याला ती सांगायला अर्धा मिनिट लागायला हवा.

खवचट_कोपरा

रांग इतकी सोपी केली की काय होतं ते ऑक्टोबर २०२० मध्ये बघितलंय. हॅक्टोबरफेस्टची मोहीम, पीआर टाकणाऱ्यांना फुकट टीशर्ट, आणि जगातल्या प्रत्येक रीडमीच्या शीर्षकापुढे 'अद्भुत प्रकल्प' असं विशेषण जोडणारे पीआर. डॉक्सचं योगदान इतकं उतू कधीच गेलं नव्हतं.

नल_पॉइंटर

हा हा. शेवटी आयोजकांना पहिल्या काही दिवसांतच नियम बदलावा लागला, ज्या प्रकल्पाने स्वतःहून भाग घ्यायची तयारी दाखवली असेल तिथलेच पीआर मोजायचे असा.

सेमीकोलन

ते टीशर्ट काही जण अजून मिरवतात. ओळखीचे आहेत, नावं घेत नाही.

सेमीकोलन

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला.)

रूट_यूजर

मूळ धाग्यावर येतो. सगळे जण लिहायचं कसं यावर बोलताय. काढून टाकायचं कसं यावर कोणी बोलेल का?

जुनी पानं मारायला कोणी धजत नाही हा माझ्या मते निम्मा प्रश्न आहे. कोड काढताना लोक आनंदाने लाल ओळी दाखवतात. पान काढायचं म्हटलं की 'राहू दे, कोणाला तरी लागेल.' मग प्रकल्पाच्या विकीवर एकाच कामाची तीन पानं उभी राहतात आणि शोधात सगळ्यात जुनं पान पहिलं येतं, कारण त्याच्याकडे येणाऱ्या लिंक सगळ्यात जास्त.

यातल्या दोन चांगल्या सवयी सांगतो. एक आर्चविकीची. तिथे परिच्छेद शिळा वाटला तर दुरुस्त करता येत नसला तरी 'कालबाह्य' अशी पट्टी लावता येते, आणि का वाटतं तेही तिथेच लिहायचं असतं. वाचणारा निदान सावध होतो. दुसरी जँगोची. 'अमुक आवृत्तीत आलं' अशा टिपा डॉक्समध्ये असतातच, पण ती आवृत्ती समर्थनाबाहेर गेली की त्या टिपा काढून टाकतात. छाटणी हे रिलीजच्या कामाचा भाग म्हणून होतं, कोणाच्या मूडवर नाही.

आणि पानाखालच्या 'शेवटचा बदल' या तारखेवर तर काडीचा विश्वास ठेवू नका. कोणीतरी स्वल्पविराम हलवला की पान तरुण होतं. मला 'शेवटचं कोणी, कोणत्या आवृत्तीवर करून बघितलं' ही ओळ हवी.

तळटीप

रूट_यूजर, 'शेवटचं करून बघितलं' याला माझे दहा गुण. फक्त ती ओळ हाताने लिहायची झाली तर तीही शिळी होते, हा अनुभव आहे.

चिमणी

एवढं सगळं कशाला? आता एआय आहे ना. डिफ (कोडमधल्या बदललेल्या ओळी) द्यायचा, डॉक्स बदलून दे म्हणायचं. पाच मिनिटांचं काम. मी वाचतेय तेव्हापासून हेच मनात येतंय, कोणी बोलत का नाही?

नल_पॉइंटर

कारण तो कोडमध्ये 'काय' घडतं ते गोड भाषेत लिहितो, आणि 'काय' तर आम्ही जनरेट करूनही मिळवतो. डिफमध्ये 'का' नसतंच, ते इश्यूच्या चर्चेत असतं नाहीतर कोणाच्या डोक्यात. शिवाय फ्लॅग नसताना तो सुचवतो, ते वेगळंच. आमच्याकडे असे इश्यू येतात की 'तुमचा अमुक फ्लॅग चालत नाही'. अहो, तो फ्लॅग कधी नव्हताच!

चिमणी

मान्य, पण माणसंही 'का' लिहितात कुठे? तुमच्या प्रकल्पाच्या कमिटचे संदेश काढून दाखवू का इथे? 'छोटी दुरुस्ती', 'आणखी एक दुरुस्ती', 'आता नक्की'. :)

लिहायला नका वापरू एक वेळ. पण 'या डिफमुळे कोणती पानं खोटी ठरू शकतात त्यांची यादी दे' एवढंच विचारलं तर? तळटीपताईंच्या मिलिसेकंदांसारखं काही त्यात सापडू शकतं. यादी चुकली तर माणूस बघेलच.

तळटीप

हे मात्र पटलं. लिहिण्यापेक्षा संशय घ्यायला वापरणं जास्त शहाणपणाचं. टाइमआउटच्या बाबतीत किल्लीचं नाव बदललं नव्हतं, त्यामुळे नुसत्या नावाच्या शोधात ते पान निघालं असतं, पण त्यात काय खोटं झालंय हे कळायला वाक्य वाचावं लागलं असतं.

भाषांतरवेडी

उशिरा येतेय. संशयाचा विषय निघालाच आहे तर आम्हा भाषांतरवाल्यांकडे हे यंत्र फार पूर्वीपासून आहे, फक्त तुम्ही लोक आमच्या कोपऱ्यात येत नाही.

गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनात मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर अशी जोडी पीओ फाइलमध्ये असते. मूळ वाक्य बदललं की त्यातलं एमएसजीमर्ज हे टूल जुनं भाषांतर फेकून देत नाही. त्याला 'फझी' (संशयित) अशी खूण लावतं. खूण असेपर्यंत ते भाषांतर वापरलं जात नाही, वापरणाऱ्याला मूळ वाक्य दिसतं. माणूस येतो, दोन्ही बघतो, ठीक असेल तर नुसती खूण काढतो, नसेल तर वाक्य सुधारतो. पायथनच्या डॉक्सची भाषांतरं याच पद्धतीने चालतात. म्हणून मूळ पानात एक परिच्छेद बदलला तर अख्खं पान रद्द होत नाही, तेवढाच परिच्छेद संशयित होतो.

आता हेच कोड आणि डॉक्समध्ये लावून बघा. पानाच्या डोक्यावर लिहायचं की हे पान अमुक अमुक सोर्स फाइलींवर अवलंबून आहे आणि अमुक कमिटला शेवटचं तपासलं. त्यानंतर त्यातली एकही फाइल बदलली की पान फझी. वाचणाऱ्याला वर पट्टी दिसेल, मेंटेनरला यादी मिळेल. रूट_यूजर मागतायत ती 'शेवटचं करून बघितलं' ही ओळ यात आपोआप येते. आणि तळटीपताई, ती शिळी झाली तरी पट्टीच सांगते की शिळी झाली.

जुना_खेळाडू

कल्पना छान आहे. पण गोंगाट किती होईल याचा विचार करा. मुख्य फाइलला रोज कोणी ना कोणी हात लावतं. आठवड्याभरात सगळी पानं फझी, आणि सगळीच फझी म्हणजे कुठलंच नाही. लोक डोळे मिटून खुणा काढायला लागतील. कंपायलरच्या वॉर्निंगचं झालंय तेच.

भाषांतरवेडी

बरोबर, म्हणून फाइलींवर बांधूच नका. बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींवर बांधा: फ्लॅग, कॉन्फिगच्या किल्ल्या, पर्यावरण चलं, एक्झिट कोड. आतला कोड हजारदा बदलू दे, पानाला त्याचं सोयरसुतक नाही.

नल_पॉइंटर

आणि या गोष्टींची यादी टूलकडूनच काढता येते. प्रत्येक रिलीजला सगळे फ्लॅग, त्यांचा प्रकार, एकक आणि डिफॉल्ट मूल्य एका मजकूर फाइलमध्ये ओतायचं आणि ती फाइल रिपॉझिटरीत ठेवायची. मागच्या रिलीजच्या फाइलशी डिफ काढला की बाहेरून काय बदललं ते दहा ओळींत समोर. त्या ओळींतली नावं डॉक्समध्ये ग्रेप करायची, म्हणजे शोधायची. जी पानं निघतील ती फझी. एकक त्या फाइलमध्ये असलं तर तळटीपताईंचं मिलिसेकंदही पकडलं जातं, फक्त कोडमध्ये एकक कुठेतरी नोंदलेलं हवं.

उंटावरचा_मेंटेनर

मंडळी, दोन दिवस बाहेर होतो, आल्यावर सगळं एका बैठकीत वाचलं. नवखा_आहे यांचा प्रतिसाद सहमेंटेनरला पाठवला, तेव्हापासून आमच्या डॉक्सच्या पीआरवर विंडोजच्या टेस्ट चालत नाहीत. एवढं तरी लगेच झालं.

सरसकट अडवण्याचा माझा प्रस्ताव मागे. नल_पॉइंटर म्हणतात ती मजकूर फाइल हाताने बनवून बघितली. मागच्या रिलीजशी डिफ काढला तर तीन फ्लॅग गेलेले, एक किल्ली नवी, आणि एका पर्यायाचं डिफॉल्ट मूल्य बदललेलं. त्या डिफॉल्टचा उल्लेख पाच पानांवर आहे आणि पाचही ठिकाणी जुना आकडा. त्यातलं एक पान आमच्या यादीत नव्हतंच, जुन्या विकीवर होतं. रूट_यूजर, तुमच्या सल्ल्याने विकीच बंद करतोय. सहमेंटेनर 'राहू दे, कोणाला तरी लागेल' म्हणाले, अगदी याच शब्दांत.

आता सीआयचा नियम एवढाच: ती मजकूर फाइल बदलली असेल आणि डॉक्सच्या फोल्डरमध्ये काहीच बदललं नसेल तर लाल. आतल्या बदलांना मोकळं रान.

एक अडलंय. आमच्या दोन शाखा चालू आहेत, जुनी आणि नवी. डॉक्सची दुरुस्ती दोन्हीकडे करायची का? जुन्या शाखेवर बरेच जण आहेत.

जुना_खेळाडू

दुरुस्ती जुन्या शाखेतल्या वागण्याबद्दल असेल तर हो, बॅकपोर्ट करा (तोच बदल जुन्या शाखेतही घाला), पॅच छोटा असतो. नव्या शाखेतल्या वैशिष्ट्याबद्दल असेल तर जुन्याला हात लावू नका, नाहीतर तिथे नसलेला फ्लॅग तिथे दिसायला लागेल. आणि प्रत्येक पानाच्या वर 'हेच पान दुसऱ्या आवृत्तीत' अशी लिंक ठेवा, पोस्टग्रेससारखी. शोधातून येणारा माणूस कुठल्या आवृत्तीच्या पानावर उतरेल ते आपल्या हातात नसतं.

नवखा_आहे

उंटावरचा_मेंटेनर, जुन्या शाखेची पानं मी करून बघू का? माझ्याकडे तीच आवृत्ती आहे, अपग्रेड करायची हिंमत झाली नाही अजून. शिकवणी कोऱ्या मशीनवर करून, जिथे अडेल तिथे इश्यू टाकत जातो.

उंटावरचा_मेंटेनर

करा की. इश्यू नको, सरळ पीआर टाका. साइन-ऑफची ओळ राहिली तर मी मर्ज करताना बघून घेईन.

खवचट_कोपरा

रीडमीत 'अद्भुत' लिहू नका म्हणजे झालं.